कोऱ्या खिळ्याची बाजू

तीर्थस्वरूप मास्तर यांच्या चरणी खिळ्याचा, कंबर जेवढी वाकू देते तेवढा वाकून, नमस्कार.

आधी तुमची तब्येत. गुडघे काय म्हणतात? खोकला थांबला का? थांबला नसेल तर काळजी घ्या, आणि एकदम थांबला असेल तर जास्तच काळजी घ्या, कारण न सांगता गेलेल्या दुखण्यावर माझा विश्वास नाही. ते कुठेतरी दडून बसलेलं असतं. वहिनींना नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. मीही बरा आहे असं डॉक्टर म्हणतात, पण त्यांनी ते इतक्या घाईत सांगितलं की तेव्हापासून मला धास्ती लागली आहे. असो. तुम्ही म्हणाल, सहा महिन्यांत दोन ओळी नाहीत आणि आज एकदम एवढी पानं? मास्तर, बातमीच तशी आहे. छापखाना बंद झाला त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, खिळ्या, आता आपल्या अक्षरांना कोण विचारतो. तर विचारलं. जगाने विचारलं. आणि उत्तर दिलं ते मी, छापायचे खिळे जुळवणाऱ्या चौथी पास माणसाने. (पास झालो असं आमचे वडील सांगत, निकाल मी स्वतः पाहिलेला नाही.) पण क्रमाने सांगतो, नाहीतर तुम्ही समासात लाल पेन्सिलीने 'संदर्भ?' असं लिहाल.

आमची सूनबाई कॉम्प्युटरचं काम करते हे तुम्हाला माहीत आहे. दिवसा कंपनीची नोकरी. ती आटोपली की मागच्या खोलीत बसून ती आणखी एक काम करते, आणि त्याचा तिला पगार नाही. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही (म्हणजे कमी जेवलो). मला वाटलं, पोरीला कुणीतरी फसवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, ते फुकट नाही, मुक्त आहे." मी म्हटलं, पगार नसेल तर दोन्ही एकच. मग त्याने समजावलं ते असं. कॉम्प्युटर चालू केला की त्यात आधी एक कारभारी जागा होतो. तो पडदा लावतो, बटणं मांडतो, बाकीच्या कामांना जागा नेमून देतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. काही कारभारी कुलपात असतात. आत काय चाललंय ते ज्याचं यंत्र त्यालाही बघता येत नाही. पण सूनबाईचा हा कारभारी जगभरच्या हजारो माणसांनी मिळून घडवलाय. त्याची सगळी वही उघडी. कुणीही वाचावी, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करून पाठवावी. आणि त्यातल्या मराठीची राखण आमच्या सूनबाईकडे. पडद्यावर जे जे मराठी दिसतं ते तिच्या नजरेखालून जातं. म्हणजे ती तुमचंच, प्रुफं तपासायचं काम करते, मास्तर, फक्त तिच्या बोटांना शाई लागत नाही.

सुरुवातीला मला या लोकांची फार भीती वाटायची. एकदा चहा घेऊन मागच्या खोलीत गेलो तर सूनबाई कुणाला तरी सांगत होती, "अरे, कर्नल पॅनिक झालाय. सकाळपासून तीनदा. उठतच नाहीये." मी चहा घेऊन तसाच मागे फिरलो. आमच्या सुनेचा लष्कराशी काय संबंध? आणि जिथे कर्नलच घाबरून आडवा होतो तिथे आपल्यासारख्याने काय करायचं? मी जाऊन पुढच्या दाराला आतून कडी घातली. आमच्या हिला सांगितलं तर ती म्हणाली, "कर्नल घाबरला तर त्याची बायको बघेल. तुम्ही कडी काढा, दूधवाला यायचाय." दुसऱ्या दिवशी जेवताना मला राहवलं नाही. सूनबाईला विचारलं, कर्नलसाहेबांना आता बरं आहे ना? मुलाला जो ठसका लागला तो पाणी पिऊनही थांबेना. कर्नल म्हणजे त्या कारभाऱ्याचा गाभा, आणि तो अडकून पडला की हे लोक त्याला पॅनिक म्हणतात. (मग अडकला म्हणा ना. पॅनिक तर मीही रोज होतो, मला कोण तपासायला बसतं?)

आणि भांडणं! तुम्ही आणि आपला मशीनमन ऱ्हस्व-दीर्घावरून भांडायचात ते यांच्यापुढे बालवाडी. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, पण रोज पत्रं लिहून भांडतात. खिडकी बंद करायचं बटण डावीकडे असावं की उजवीकडे, यावर दोनशे पत्रं. यंत्र जागं करण्याचं काम एकाच्याच हाती द्यावं की दहा जणांत वाटावं, यावर म्हणे वर्षानुवर्षं रण पेटलं होतं आणि अजून राख गरम आहे. फारच बिनसलं तर एक गट उठतो आणि म्हणतो, आम्ही फोर्क करतो. मला आधी वाटलं जेवणातला काटा, म्हटलं चला, जेवायला तरी उठले. तर फोर्क म्हणजे वेगळी चूल. पण यांची वेगळी चूल न्यारीच. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की भांडी वाटली जातात आणि एका पातेल्यापायी तीन पिढ्या बोलत नाहीत. यांच्यात वेगळा निघालेला सगळं घर घेऊन जातो, आणि मागे राहिलेल्याकडेही सगळं घर तसंच्या तसं उरतं. ही सोय आमच्या वेळी असती तर काकांनी आमच्या वडिलांशी मरेपर्यंत अबोला धरला नसता.

तर गेल्या महिन्यात सूनबाई म्हणाली, "बाबा, नवी आवृत्ती येतेय. तुम्ही वाचून बघाल का? तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल." (याचा खरा अर्थ आमच्या हिने मला नंतर समजावून सांगितला. मी मात्र तो मानच समजतो.) तिने एक जुना लॅपटॉप दिला. मी भिंग आणि लाकडी पट्टी घेतली आणि प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून वाचायला बसलो. ही जाता जाता म्हणाली, "चाळीस वर्षं खिळे उलटे वाचलेत, आता सुलटं झेपेल ना?" तोवर तिसऱ्याच ओळीत मला ठेच लागली होती. 'दुसर्या वापरकर्त्याचे खाते.' मास्तर, दुसर्या! य-ला खेटून निजणारा आडवा र गायब, आणि त्याच्या जागी य-च्या डोक्यावर रफार. आपण त्या आडव्या र-ला पापणी म्हणायचो. ती पापणी गळाली होती. पुढे पाहिलं तर 'अपुर्या जागेमुळे', 'बर्याच फायली', 'कोर्या पानावर'. सगळ्या पापण्या गळालेल्या. मी लाल पेन घेतलं आणि चुकांभोवती गोल काढत सुटलो. पानभर खुणा झाल्या, मग कुठेतरी बोट लागलं आणि पान सरकलं. शब्द वर निघून गेले, खुणा जागच्या जागी. आता 'मदत' या शब्दावर फुली आणि 'धन्यवाद'भोवती गोल. तेव्हा मला कळलं की मी काचेवर लिहितोय. सूनबाईने काच पुसली, पान पुन्हा खाली आणलं, मी बोट ठेवलं तिथे पाहिलं, आणि एकदम ताठ बसली. "बाबा, हे मी बरोबर लिहिलं होतं. हे कोणी काढलं?"

काढलं होतं दाढीवाल्याने. हा गृहस्थ फार लांब कुठेतरी राहतो, दाढी छातीपर्यंत, आणि काम पहारेकऱ्याचं. वही उघडी आहे म्हणून कुणा लबाडाने त्यात काही घुसडू नये, हे तो बघतो. त्याच्या ध्यानात आलं की मजकुरात काही चिन्हं अशी असतात जी पडद्यावर दिसतच नाहीत, आणि न दिसणाऱ्या वस्तूआड चोर लपू शकतो. म्हणून त्याने एक झाडू बनवला आणि वहीतली सगळी अदृश्य चिन्हं एका फटक्यात झाडून काढली. आपली पापणी नेमकी त्यातल्याच एका चिन्हाला टेकून उभी होती. र आणि य यांच्यामध्ये ते चिन्ह असलं की र आडवा होतो. काढलं की र उडी मारून डोक्यावर बसतो. सूनबाईने तक्रार लिहिली. दाढीवाल्याचं उत्तर आलं, जे दिसत नाही त्याची गरज सिद्ध करा. कुणी म्हणालं, एवढ्याने काय बिघडतं, वाचणारा समजून घेईल. कुणी म्हणालं, पापणी लिहायची दुसरीही रीत आहे. त्यावर तिसरा म्हणाला, आहे, पण आजवरचा सगळा मजकूर याच रीतीने लिहिलाय, तो काय विहिरीत टाकायचा? शंभरावर पत्रं झाली. आणि वीस तारखेला सगळं गोठणार. (गोठणं म्हणजे आपला जुळवलेल्या पानांचा फर्मा आवळणं. एकदा आवळला की वेलांटीसुद्धा हलवायची नाही.) ती आवृत्ती पुढे शाळाशाळांतल्या कॉम्प्युटरांवर जायची आहे. म्हणजे जी पोरं आज अक्षर ओळखायला शिकतायत त्यांना 'दुसर्या' हेच बरोबर वाटणार आणि 'दुसऱ्या' दिसलं की ती हसणार.

सूनबाईने जाहीर करून टाकलं की हे असंच छापायचं असेल तर मराठीची राखण दुसऱ्या कुणाकडे द्या. लगेच दोघातिघांनी वेगळ्या चुलीची भाषा सुरू केली. माझी झोप उडाली, मास्तर. एका पापणीपायी मी जगाचं घर फोडायला निघालो होतो! मी मागच्या खोलीत जाऊन तिला म्हटलं, जाऊ दे पोरी, रफार तर रफार, कुणाचा जीव जात नाही. तिने मान वर केली आणि विचारलं, "छापखान्यात तुम्ही जाऊ दिलं असतंत?" मी खरं ते सांगितलं. मी दिलं असतं. मास्तरांनी दिलं नसतं, त्यांनी मशीनवर चढलेला फर्मा उतरवायला लावला असता आणि वर मला विचारलं असतं की हात खिळे जुळवतात की माशा मारतात. ती म्हणाली, "मग पाच तारखेच्या बैठकीत तुम्हीच बोला." मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. ती म्हणाली, "त्यांना मराठी येत नाही. फिटंफाट."

ही बैठक म्हणजे पडद्यावर चौकोनाचौकोनात तोंडं. मी इस्त्रीचा सदरा घातला (पँट जुनीच, ही म्हणाली, खालचं दिसत नाही). आणि छापखाना बंद झाला तेव्हा आपल्या सगळ्यांना आठवण म्हणून वाटलेले मूठभर खिळे आणि खिळे ओळीत जुळवायची माझी स्टिक ट्रंकेतून काढली. एक ओळ जुळवली, 'दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे'. सोळा वर्षांनी जुळवली, पण बोटं खिळ्यांवर अशी गेली जशी जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाते. मी स्टिक कॅमेऱ्यासमोर धरली आणि चकितच झालो. खिळे तर उलटे असतात, पण पडद्यावर माझ्या चौकोनात ओळ चक्क सुलटी! म्हटलं, केवढं हुशार यंत्र. मी छाती काढून पाच मिनिटं ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. मग सूनबाई कानात म्हणाली, "बाबा, तो तुमच्यापुरता आरसा आहे. त्यांना उलटंच दिसतंय." तरी एकही माणूस हसला नाही. उलटं काय आणि सुलटं काय, त्यांना दोन्ही सारखंच होतं.

मग मी विचारलं, या दोन शब्दांच्या मधे काय आहे? सूनबाईने ते इंग्रजीत विचारलं, दाढीवाला म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, काही नाही कसं? शिसं आहे. कोरा खिळा आहे. अक्षरापेक्षा बुटका, म्हणून त्याला शाई लागत नाही, म्हणून तो कागदावर उमटत नाही, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की तिथे काही नाही. आता मी तुमच्यासारखा झाडू मारतो. आणि मी चिमट्याने सगळे कोरे खिळे उपसून काढले. माझा बेत एवढाच होता की स्टिक जरा हलवायची आणि ओळ कशी खिळखिळी झाली ते दाखवायचं. पण मास्तर, माझा हात आता पूर्वीचा राहिलेला नाही. स्टिक कलली, आणि 'दुसऱ्याचे म्हणणे' सगळंच्या सगळं सूनबाईच्या कीबोर्डवर ओतलं गेलं. एक म तर तिच्या चहात पडला. दोन बटणं खिळ्यांखाली दबली आणि पडद्यावर सगळ्यांच्या चौकोनांवरून ककककक असा क धावत सुटला. मी हात जोडून उभा राहिलो आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून म्हणालो, बघा, जे दिसत नाही तेच ओळ धरून ठेवतं. सूनबाईने ते इंग्रजीत सांगितलं. एक वाक्य सांगायला तिला दोनदा थांबावं लागलं.

मला वाटलं, संपलं, पोरीची अब्रू चहात बुडवली. तेवढ्यात दाढीवाला खुर्चीतून पुढे झुकला आणि म्हणाला की एक कोरा खिळा जरा जवळ धरा. मी धरला. त्याने चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला. मग दाढीत हसला आणि सूनबाईला काहीतरी म्हणाला. तिने मला सांगितलं, "तो म्हणतोय, आजोबांना सांगा, मी चोर शोधायला निघालो आणि घराचा खांब पाडून आलो." लगेच आणखी दोन चौकोनांतून हात वर झाले, ती वेगळ्या लिप्यांची माणसं होती आणि त्यांच्याकडेही तोच झाडू फिरला होता. दाढीवाल्याने कबूल केलं, चिन्ह परत घेऊ, पण आंधळेपणाने नाही. जिथे ते हक्काचं आहे तिथेच. तशा शब्दांची यादी गोठण्याआधी द्या, आणि ती जाणकाराने तपासलेली हवी. सूनबाईने एक क्षणही घेतला नाही. सगळ्या जगासमोर म्हणाली, "यादी माझे सासरे देतील."

मास्तर, आमच्या घराण्यात असं वाक्य आजवर कुणी कुणाबद्दल बोललेलं नाही. मी तीन दिवस बसून यादी केली आणि आठ तारखेला दिली. चारशे अकरा शब्द. वेगळ्या चुलीची भाषा थांबली, सूनबाई राखणीवर राहिली, आणि ज्यांनी ज्यांनी या आवृत्तीला हात लावला त्यांच्या नावांची यादी असते तिच्यात माझं नाव लागलं. काय नाव घालू असं तिने विचारलं, मी म्हटलं, खिळ्या. जगभरच्या हजारो नावांत मराठी अक्षरांत एकटा मीच. आमच्या हिला दाखवलं. मला वाटलं, काहीतरी टोमणा येणार. ती चष्मा लावून ते नाव वाचत राहिली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं दुसऱ्यांचीच नावं जुळवलीत. बरं झालं." आणि आत जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासायला लागली.

तेवढंच कळवायचं होतं. तब्येतीला जपा, ओल्या फरशीवरून चालू नका, आणि माझ्यासारखी काळजी करत बसू नका. वहिनींना पुन्हा नमस्कार. आज दहा तारीख आहे, पत्र लगेच टाकतो.

तुमचाच,
खिळ्या

ता.क. सोबत ती चारशे अकरा शब्दांची यादी जोडली आहे. वेळ असेल तर सहज नजर टाका. चूक असेल असं नाही. लाल पेन्सिल वापरलीत तरी माझी हरकत नाही. मात्र वीस तारखेच्या आत परत मिळायला हवी. फोन केला असता, पण फोनवर पापणी दिसत नाही.

ता.क. दुसरा. दाढीवाल्याने विचारलं आहे की पापणी कुठे आणि रफार कुठे, याचा नियम काय. मला नियम कधीच माहीत नव्हता. माझा हात जाईल तो खिळा मी घ्यायचो, आणि चुकला तर तुमच्याकडून परत यायचा. हे जगाला कसं सांगणार? म्हणून 'जाणकार' या रकान्यात मी तुमचं नाव घातलं आहे. त्यांनी तुमचे आभारही मानले. तेव्हा आता माघार घेतलीत तर त्यात तुमचीच फजिती आहे.

ता.क. तिसरा. आता खरं सांगतो. एकच अक्षर तीन दिवस बघितलं की ते परकं दिसायला लागतं. शेवटी शेवटी मला कुठलाच रफार खरा वाटेना. सूनबाईने यादी न वाचता पुढे पाठवली, "बाबांनी केलीय म्हणजे बघायला नको" असं सगळ्यांना लिहून. काल ती चाचणीच्या आवृत्तीत घातली. आज लॅपटॉप उघडला तर 'पर्याय निवडा' होतं तिथे 'पऱ्याय निवडा' आहे, 'कार्य पूर्ण झाले' होतं तिथे 'काऱ्य पूर्ण झाले' आहे. अशी बावन्न ठिकाणं मी मोजली आणि मग मोजायचं सोडून दिलं. तिला अजून सांगितलेलं नाही. दाढीवाल्याला मराठी येत नाही, तेवढाच दिलासा. हवामानाच्या खिडकीत आज सूऱ्योदय सहा वाजून बारा मिनिटांनी झाला. वीस तारखेचा कसा होतो ते तुमच्या हातात आहे.